बरणीतला पांढरा समुद्र

कुसुमताई गजभिये रोज सकाळी साडेदहाला समुद्र पुसायला घ्यायच्या. हा शब्द माझा नाही, त्यांचाच आहे. कॉलेजात मी नवीन रुजू झाले त्या दिवशी प्राणिशास्त्र विभागाच्या जाळीच्या दारात उभी राहिले, तर आतून आवाज आला, "मॅडम, जराशा थांबा जी. माहा अर्धा समुद्र पुसायचा आहे अजून." आत एक ठेंगणी बाई स्टुलावर चढलेली, पदर कमरेला खोचलेला, हातात जुन्या धोतराचा तुकडा. चार कपाटं भरून काचेच्या बरण्या, आणि प्रत्येक बरणीत कुठला ना कुठला पांढराफटक जीव दोऱ्याने बांधून उभा केलेला.

मी रायपूरच्या तात्यापाऱ्यात वाढलेली. वडील नागपूरहून रेल्वेच्या नोकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. रायपूरच्या माणसाला पाणी म्हणजे तलाव. समुद्र इथून रात्रभराच्या गाडीवर, आणि तोही फार तर जगन्नाथाच्या दर्शनाला गेलं की पाय भिजवून यायचा. तेव्हा समुद्र पुसणारी बाई मला जरा चक्रमच वाटली. शिवाय मी नुकतीच पीएचडी झालेले होते, त्यामुळे बहुतेक सगळेच लोक मला तेव्हा चक्रम वाटत.

कुसुमताई आमच्या लॅब अटेंडंट. मुलं त्यांना 'दीदी' म्हणत, मी 'कुसुमताई'. त्यांचे यजमान, नामदेव गजभिये, याच विभागात अटेंडंट होते. ते अचानक वारले आणि ताईंना त्यांच्या जागेवर अनुकंपा नियुक्ती मिळाली. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या अजून नामदेवरावांच्या हातच्या होत्या, काळ्या शाईत, ठसठशीत देवनागरीत. बरण्या पुसताना ताईंचं फडकं चिठ्ठीला बगल देऊन जायचं. पुसण्याचाही क्रम ठरलेला असे. आधी समुद्राचे प्राणी, मग बेडूक, साप, सरडे. "हे घरचे आहे, थे थांबते," त्या म्हणायच्या. "समुद्रवाले पाहुणे आहे. पाहुण्याचं पहिले करा लागते."

त्या खोलीचा पुढे मला नादच लागला. दुपारी तीनच्या सुमाराला पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन आत यायचं आणि बरण्यांमधून गाळून समोरच्या भिंतीवर पडायचं. कूलरच्या वाऱ्याने पडदा हलला की भिंतीवरचा तो पिवळा-हिरवा उजेडही डुलायला लागायचा. बाहेर मे महिन्याचं रायपूर भाजून निघत असायचं. आत वाळ्याचा आणि फॉर्मॅलिनचा मिळून एक गार, डोळ्यांना किंचित झोंबणारा वास. डोळे अर्धवट मिटले की काचा नाहीशा व्हायच्या आणि नुसते जीव उरायचे, कशालाही न बांधलेले, आपापल्या जागी तरंगत राहिलेले. कोपऱ्यातल्या स्टुलावर कुसुमताई डबा खात बसलेल्या असायच्या. अशा कितीतरी दुपारी आम्ही दोघी एक अक्षरही न बोलता त्या पाण्यात बसून काढल्या आहेत.

बोलायला लागल्या की मात्र त्या थांबत नसत. त्यांचं प्राणिशास्त्र जुन्या प्राध्यापकांच्या तोंडून ऐकून ऐकून तयार झालेलं होतं आणि ते माझ्या नोट्सपेक्षा मुलांच्या जास्त लक्षात राहायचं. समुद्रघोड्याच्या बरणीपाशी त्या मुद्दाम पोरांना उभं करायच्या. "पाहून घ्या. ह्याच्यात पोट बाप वागवते. सगळे पोट्टे बापाच्या पोटातून निघते. अन् तुमाले घरी पाण्याचा गिलास उचलाले जीवावर येते." शंखात राहणाऱ्या खेकड्याचं नाव त्यांनी 'क्वार्टरवाला' ठेवलं होतं. अंग वाढलं की तो जुना शंख सोडून दुसरा शोधतो. "आपल्यासारखाच हाय. बदली झाली का क्वार्टर खाली." पाण्यावर निळ्या फुग्यासारखा तरंगणारा एक प्राणी असतो. दिसतो एक, पण खरं तर शेकडो जीव एकमेकांना जोडून राहतात. एक पोहतो, एक खातो, एक डंख मारतो. "एकत्र कुटुंब आहे हे," ताई म्हणायच्या, "फरक एवढाच का हे भांडत नाही."

समुद्रकाकडीपाशी त्यांचा आवाज जरा खाली यायचा. हा प्राणी शत्रू अंगावर आला की स्वतःची आतडी बाहेर टाकून देतो आणि निसटतो. पुढे त्याला नवी आतडी फुटतात. "आतडं काढून दिलं तरी मांगून पुन्हा उगवते," त्या म्हणायच्या आणि पुढची बरणी घ्यायच्या.

समुद्रवाल्यांत सगळ्यात शेवटी अष्टपाद. तिसऱ्या कपाटात, बरोबर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. आठही हात वळून पोटाशी घेतलेले, रंग शिळ्या भातासारखा. ती बरणी पुसून झाली की त्या क्षणभर थांबत आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत. मला वाटायचं, काहीतरी म्हणत असतील, वंदना वगैरे. मी कधी विचारलं नाही.

त्यांचं एक पालुपद होतं: "डोळ्यानं पाह्यलं थेच खरं." हे पालुपद म्हणजे त्यांचा स्वभावच. कुणी विद्यार्थी येऊन सांगू लागला, "दीदी, दादी गुजर गईं, इसलिए प्रैक्टिकल में नहीं आया," तर त्या शांतपणे म्हणत, "मागल्या सालीबी गेली होती न रे बाबू?" प्राचार्यांनी विभागाला नवी इमारत मिळणार म्हणून सांगितलं, तर सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि कुसुमताईंनी पेढा रुमालात बांधून ठेवला. "पाया खोदला का खातो." इमारत झाली नाही. पेढ्याचं पुढे काय झालं ते मी विचारलं, तर म्हणाल्या, "राजूनं खाल्ला. त्याले कशाचंबी खरं वाटते." राजू त्यांचा मुलगा, भनपुरीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात हिशेबनीस. आईचं मराठी ऐकायचा आणि हिंदीत उत्तर द्यायचा.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. प्रॅक्टिकल चाललं होतं. मी बरण्या टेबलावर मांडून मुलांना ओळखायच्या खुणा सांगत होते. कुसुमताई मागे ट्रे घेऊन उभ्या होत्या. एका मुलीने विचारलं, "मैडम, समुद्र में सब जानवर सफेद ही होते हैं क्या?" मी हसले. म्हटलं, छे, हा फॉर्मॅलिनचा प्रताप. फॉर्मॅलिनमध्ये रंग टिकत नाहीत, कुणाचा काही दिवसांत जातो, कुणाचा वर्ष-दोन वर्षांत, शेवटी सगळं पांढरं पडतं. हा तारामासा शेंदरी असणार, ही काकडी काळी, आणि अष्टपादाचं तर विचारूच नका. तो क्षणात लाल होतो, क्षणात मातीच्या रंगाचा, बसेल तिथल्यासारखा दिसतो.

मागे ट्रे टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. कुसुमताई पुढे आल्या. "म्हणजे हा पांढरा नाही?"

"नाही."

"लाल होते?"

"लाल, तपकिरी, सगळं होतो. ताई, तुम्हाला माहीत नव्हतं? इतकी वर्षं रोज पुसता की!"

मुलं हसली. मीही त्यांच्यात हसले. ते माझं हसणं आजही आठवलं की मला माझीच लाज वाटते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मले वाटे, मिठानं असन. आवळा मिठात घातला का पांढरा पडते न. समुद्रात त सगळं मीठच." मग ट्रे उचलून त्या धुवायला निघून गेल्या. हे त्यांनी घरच्या बरणीवरून बांधलेलं शास्त्र होतं आणि त्यात तसं काही वावगं नव्हतं. दुकानातले रंगीत मासे गोड्या पाण्यातले, समुद्रातले पांढरे. भिंतीवरचे तक्ते काळ्या रेघांचे. परीक्षेत रंगाला मार्क नाहीत, म्हणून कुठल्या प्राध्यापकाने कधी रंगाचं नाव काढलं नाही. आणि टीव्हीवर काही दिसलंच तर ते टीव्हीवाल्यांनी रंगवलेलं.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. ज्या बाईने कधी तापातसुद्धा रजा घेतली नव्हती, तिचा चार दिवस पत्ता नाही. बरण्यांवर धूळ बसली. पाचव्या दिवशी त्या आल्या, समुद्र पुसला, आणि दुपारी मी खोलीत गेले तेव्हा स्वतःच म्हणाल्या, "बसा मॅडम. तुमाले एक सांगा लागते."

पूर्वी विभागाची सहल दर वर्षी पुरीला जायची, प्राणी गोळा करायला. नामदेवराव फॉर्मॅलिनचे डबे आणि बादल्या घेऊन एकदाच सोबत गेले, शेवटच्या सहलीला. तेव्हा राजू लहान होता आणि तापाने फणफणलेला होता. कुसुमताई आठ दिवस एकट्या त्याला घेऊन दवाखान्याच्या चकरा मारत होत्या. नामदेवराव परतले ते डोळ्यांत समुद्र घेऊनच. हातपाय धुवायच्या आधी सांगायला लागले की कोळ्याच्या जाळ्यात एक आठ हातांचा जीव सापडला, तो मी बादलीत टाकला. "कुसुम, पहिले लाल झाला. मंग मातीसारखा. मंग भेला अन् पांढरा पडला. माह्या डोळ्यादेखत. अशी गोष्ट म्या जल्मात पाह्यली नाही."

"मी आठ दिवसाची झोपलेली नव्हती जी," कुसुमताई म्हणाल्या. "मले रागच आला. म्हटलं, हे तिकडं रंग पाहून राहिले अन् इथं पोट्टं जळून राहिलं. काई दिवसानं डबा द्यायच्या निमित्तानं आली मी कॉलेजात. म्हटलं, दाखवा तुमचं लाल जनावर. त्याईनं बरणी दाखवली. पांढरी. सगळे होते तिथं, चपराशी, बाबू. मी म्हटलं, तुमचा रंग कच्चाच निघाला म्हणा, एकाच धुण्यात गेला."

सगळे हसले. तेव्हापासून विभागात नामदेवरावांचं नावच 'कच्चा रंग' पडलं. त्यांनी उलट उत्तर दिलं नाही. देणार काय? फॉर्मॅलिनमध्ये रंग जातो हे त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. रात्री जेवताना म्हणाले, "माहीच नजर चुकली असन." पुन्हा त्यांनी समुद्राची गोष्ट काढली नाही. पावसाळ्यात कावीळ झाली आणि त्यातच गेले.

"अन् मंग मी इथं लागली," कुसुमताई म्हणाल्या. "रोज ही बरणी पुसू अन् म्हणू, पाहा, पांढराच आहे. रोज, मॅडम. मेलेल्या माणसाले रोज खोटं पाडलं मी."

बरणीसमोरची ती वंदना कसली होती ते मला आत्ता कळत होतं. मी मनापासून त्यांची माफी मागितली, हसल्याबद्दल. त्यांनी हात झटकला. "तुमी कायले? तुमच्यामुळं त समजलं."

त्या दिवसापासून त्यांनी मला कामाला लावलं. प्रत्येक बरणीतल्या जिवाचा खरा रंग सांगायचा. मी पुस्तकं काढली, चित्रं शोधली. त्या छोट्या चिठ्ठीवर बॉलपेनने लिहीत आणि बरणीच्या मागच्या बाजूला डकवत: 'जिता असताना शेंदरी.' 'जिता असताना काळा, अंगावर पांढरे ठिपके.' 'जिता असताना निळा, काचेसारखा.' पुढून बघितलं की नवऱ्याच्या अक्षरात नाव, मागून बघितलं की बायकोच्या अक्षरात रंग. तीनच्या उन्हात मी पुन्हा डोळे अर्धवट मिटून बसले की आता त्या पांढऱ्या जिवांना रंग चढायला लागायचे. काकडी काळी व्हायची, तारा पेटायचा, भिंतीवरचा उजेड निळा होत जायचा. कुसुमताईही कोपऱ्यात तशाच डोळे मिटून बसलेल्या असायच्या. त्यांना काय दिसत होतं कुणास ठाऊक.

अष्टपादाच्या बरणीला मात्र त्यांनी चिठ्ठी लावली नाही. मी मोबाईलवर व्हिडिओ काढून दाखवला. खडकावरचा अष्टपाद खडक झाला, शेवाळावर जाऊन शेवाळ झाला. त्यांनी नीट पाहिला आणि फोन परत दिला. "मोबाईलमंदी काईबी दाखवते जी. परवा राजूच्या मोबाईलात हत्ती उडून राहिला होता."

"अहो, पण पुस्तकात आहे, मी सांगतेय तुम्हाला."

"तुमचं खरं आहे. पण तुमी पुस्तकातलं सांगता. थे पाहून आले होते. अन् पाहून आलेल्या माणसाले म्या खोटं म्हटलं. आता त्याईच्या बाजूनं कोणीतरी पाह्यलेलं पाहिजे न." मग अगदी सरळ मनाने त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमी पाह्यला का जिता?"

माझी पीएचडी रायपूरच्या तलावांतल्या गोगलगायींवर. मी रुजू होण्याच्या कितीतरी आधी सहली बंद झालेल्या. "नाही," मी म्हटलं. "मीही बरणीतलाच पाहिलाय."

"मंग दोघीबी जाऊ," त्या म्हणाल्या.

जाणं सोपं नव्हतं. आधी त्यांचे डोळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत चाललेले, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की त्या तोंड फिरवायच्या. राजूने हात टेकले होते. आता त्या आपणहून माझ्यासोबत समता कॉलनीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात आल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "मले एक जनावर पाह्याचं आहे. लाल अन् मातीचा रंग येगयेगळा दिसला पाहिजे." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "दिसला पाहिजे, डॉक्टरसाहेब."

दोन्ही डोळे व्हायला, मग त्यांचं सांधेदुखीचं आजारपण, मग माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या, असं करता करता वर्षं गेली. त्या निवृत्त झाल्या. निवृत्त झाल्यानंतरच्या पहिल्याच थंडीत आम्ही पुरीला निघालो. स्टेशनवर पाहते तर ताईंच्या हातात बॅगेऐवजी एक जुनी लोखंडी बादली, आणि कपडे त्या बादलीत, वर टॉवेल. बादलीवर पुसटशी 'प्राणिशास्त्र' अशी अक्षरं. "हीच होती त्याईची," त्या म्हणाल्या. "साहेबाले विचारून आणली." गाडीतल्या बायका त्यांना विचारत होत्या की आत प्रसाद आहे का, आणि त्या "हव, हव" म्हणत होत्या. हा 'हव' माझ्या आईला अजिबात चालायचा नाही. 'हो' म्हण, आपण मराठी आहोत, म्हणून ती मला लहानपणी दटावायची. त्यामुळे मी सगळी हयात रायपुरात काढून 'हव' म्हणत नसे, आणि कुसुमताई म्हणाल्या की मनातल्या मनात दुरुस्त करत असे.

समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा कुसुमताई वाळूत बादली ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं, काहीतरी मोठं बोलतील. त्या म्हणाल्या, "बरणीत आवाज नव्हता." आणि वाळूवर बसल्या.

पहाटे जाळी ओढून आणतात तिथे आम्ही रोज उजाडायच्या सुमाराला जाऊन बसायचो. एका म्हाताऱ्या कोळ्याला मी हिंदीत आणि हातवाऱ्यांनी समजावलं होतं, आठ हात असलेला, जिवंत. धुक्यातून होड्या यायच्या, जाळी उलगडायची, वाळूवर चांदीचा ढीग पडायचा. ताई त्या ढिगाभोवती वाकून फिरायच्या आणि ओळखीचं कुणी दिसलं की थबकायच्या. "मॅडम, क्वार्टरवाला. चालून राहिला, पाहा." "हा आपला तारा. अगाई, खरंच शेंदरी आहे." बरणीतल्या पाहुण्यांच्या घरी त्या आल्या होत्या आणि प्रत्येकाला रंगासकट भेटत होत्या. पहिला दिवस गेला, दुसराही गेला. आमची परतीची गाडी तिसऱ्या संध्याकाळची होती. दुसऱ्या रात्री त्या जेवल्या नाहीत. मी म्हटलं, पुन्हा येऊ. त्या म्हणाल्या, "पुन्हा हे गुडघे नाही येनार."

तिसऱ्या सकाळी म्हाताऱ्याने लांबूनच हात वर केला. आम्ही धावलो, म्हणजे मी धावले आणि ताई बादलीसकट मागून आल्या. जाळ्याच्या कोपऱ्यात मुठीएवढा एक जीव आपल्याच हातांत गुरफटला होता. म्हाताऱ्याने बादलीत समुद्राचं पाणी घेतलं आणि त्याला आत सोडलं.

कुसुमताई उकिडव्या बसल्या. नव्या डोळ्यांनी पाण्यात बघू लागल्या. अष्टपाद बादलीच्या तळाशी टेकला, एक हात पसरला, दुसरा पसरला. आणि मग तांबडा झाला. आतून कुणीतरी रंग ओतावा तसा, डोक्यापासून हातांच्या टोकापर्यंत.

"लाल," ताई म्हणाल्या. "हव."

तांबडा ओसरला. अंगावर ठिपके उठले, ते खरखरीत झालं, ओल्या मातीचा रंग आला.

"मातीसारखा. हव."

सूर्य वर येत होता. म्हातारा पुढे झुकला, त्याची सावली बादलीवर पडली, आणि तो जीव भिऊन एका क्षणात पांढरा पडला. अगदी आमच्या बरणीतल्यासारखा, शिळ्या भातासारखा.

"भेला अन् पांढरा," ताई म्हणाल्या. "हव. हव जी." नामदेवरावांचं एकेक वाक्य त्या त्यांच्याच बादलीत तपासून घेत होत्या. मग बादलीच्या काठावर हात ठेवून त्या अगदी हळू, समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या, "तुमची नजर चुकली नव्हती. खरं होतं तुमचं. म्या पाह्यलं." आणि रडल्या. मीही रडले. म्हातारा कोळी बिचारा गोंधळून आमच्याकडे बघत राहिला. त्याला मी पैसे देऊ लागले तर त्याने घेतले नाहीत.

अष्टपादाला परत सोडायचं ठरलंच होतं. वाळूच्या एका पट्ट्याआड लाटा न पोचणारं गुडघाभर निवळ पाणी होतं. ताई लुगडं वर धरून त्यात उतरल्या आणि बादली कलती केली. तो बाहेर आला, तळाच्या वाळूवर टेकला, आणि आमच्या डोळ्यांसमोर वाळू झाला. मी वाकून वाकून शोधलं. पाणी आरशासारखं स्वच्छ, हातभर खोल, आणि काही म्हणता काही दिसेना.

"गेला वाटतं," मी म्हटलं. "दिसत नाही."

"आहे जी," कुसुमताई म्हणाल्या. त्यांनी नजर हलवली नव्हती. "दिसत नाही म्हून नाही, असं थोडीच असते."

डोळ्यानं पाह्यलं थेच खरं, असं जन्मभर म्हणणारी बाई रिकाम्या दिसणाऱ्या पाण्यात मजेत उभी होती. ते पालुपद त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. आम्ही बराच वेळ तशाच उभ्या राहिलो. पाय गार पडले होते. वाळू तळव्यांखालून हळूहळू सरकत होती आणि कुठलं पाणी, कुठला उजेड आणि कुठला तो, हे मला वेगळं सांगता आलं नसतं.

परत आल्यावर त्या एकदा कॉलेजात आल्या, अष्टपादाच्या बरणीमागे चिठ्ठी लावायला. पुढे बरण्यांच्या संग्रहालयाच्या जागी संगणकांची खोली करायचं ठरलं. बरण्या काही दुसऱ्या एका कॉलेजला गेल्या, काही मोडीत काढल्या. मी विभागप्रमुखांशी बऱ्यापैकी भांडून अष्टपादाची बरणी माझ्या टेबलावर आणली. ताईंना फोनवर सांगितलं, तर म्हणाल्या, "पुसता न?" मी म्हटलं, पुसते. "पहिले त्याले पुसाचं. मंग बाकीचं."

मागच्या वर्षी राजूचा फोन आला. "मैडम, माँ नहीं रहीं." झोपेतच गेल्या होत्या. मी भनपुरीला गेले. दारात ती बादली होती, तुळशीला पाणी घालायला शेजारीण वापरत होती. राजूने सांगितलं की शेवटी शेवटी आई नातवाला रोज एकच गोष्ट सांगायची, तुझ्या आजोबांनी पाहिलेल्या जनावराची. "और वो पूछता था, दादी, सच्ची में? तो माँ कहती थी, हव." बोलता बोलता राजू मराठीवर आला. "मले वाटे बाबा खोटं बोलत होते. मॅडम, बाबा खरं बोलत होते न?" मी त्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून.

आता रोज साडेदहाला मी ती बरणी पुसते. चिठ्ठीला बगल देऊन. पुढून 'अष्टपाद', मागून बॉलपेनच्या वाकड्या अक्षरांत 'जिता असताना लाल, मंग मातीसारखा, मंग भेला का पांढरा. नामदेव गजभिये यांनी पाहिला. कुसुम गजभिये यांनी पाहिला.' त्याखाली थोडी जागा सोडून माझं नाव आहे, तेही त्यांनीच लिहिलेलं.

परवा पहिल्या वर्षाची एक मुलगी काहीतरी सही घ्यायला आली आणि बरणीपाशी थांबली. चिठ्ठी वाचायला मान वाकडी करून मागे गेली. मराठी घरातलीच होती, पण बोलली हिंदीत. "मैडम, ये तो सफेद है। इसमें लाल लिखा है। आपने सच में देखा है?"

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हव," मी म्हटलं.